गणपतीपुढचे पैसे

“भाडं मारणार का?” निकमनं विचारलं, आणि आमच्या ह्यांचा पारा चढला.

“गावातल्या माणसांकडनं भाडं? आवो, उभा जलम मुंबईच्या मार्केटात पोती उचलली म्या. गाव काय माझं गिऱ्हाईक हाय व्हय?”

निकम आमच्या तालुक्याच्या गावचा, पाटणचा विमा एजंट. कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून बसायचा आणि चहा पाजल्याशिवाय कुणाला उठू द्यायचा नाही. तो शांतपणे म्हणाला, “रागवू नका हणमंतराव. हे विचारल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे घरची गाडी. तिच्यात पैसे घेऊन माणूस बसवायचा नाही. बसवायचा असेल तर पिवळी पाटी, परमिट, आणि विमाही निराळा. तो महाग पडतो.”

“न्हाई बसवायचा. तुमी आपला स्वस्तातला काय असंल तो करा.”

माथाडीच्या कामातून मोकळं होताना हाती आलेल्या पैशांत ह्यांनी एक जुनी व्हॅन घेतली होती. आमची वाडी घाटमाथ्याला. एसटी यायची तर यायची, नाहीतर खालच्या फाट्यावरूनच परत फिरायची. अडलेली बाई असो की साप चावलेला गडी, झोळीत घालून खाली न्यायचा. ह्यांच्या आईला असंच नेत होते, आणि निम्म्या वाटेत तिनं मान टाकली. तेव्हापासून गाडीचं खूळ ह्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मी अंगणवाडीत नोकरीला होते. सरकारी परिपत्रकं वाचून वाचून छापील कागदाची भीती मेली होती. मी मध्येच तोंड घातलं. “स्वस्तातला म्हणजे काय आणि महागातला म्हणजे काय, ते आधी नीट सांगा.”

“सोपं आहे वहिनी. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या कुणाला इजा झाली, तर त्याची भरपाई. तो कायद्यानं लागतोच. पण तुमची गाडी दरीत गेली तर तुम्ही बसा कपाळ धरून. फुल घेतलात तर गाडीचंही मिळतं.”

“आणि आत बसलेली माणसं?”

निकमनं कप खाली ठेवला. “हे मला फार कुणी विचारत नाही. रंगाचा टवका उडाला तर पैसे मिळतील का, एवढंच विचारतात. फुलमध्ये आत बसलेली माणसंही येतात. घरची असोत, शेजारची असोत. फक्त फुकट बसलेली पाहिजेत. डिझेलपुरते म्हणून जरी पैसे घेतलेत, तरी कंपनी हात वर करायला मोकळी.”

“मग फुलच करा,” मी म्हणाले. हे कुरकुरले, पण माझ्यापुढं ह्यांचं फार चालायचं नाही.

गाडी वाडीत आली त्या दिवशी ह्यांनी नारळ फोडला आणि समोरच्या काचेखाली, स्टेअरिंगच्या शेजारी, पितळेचा छोटा गणपती बसवला. पहिली फेरी बाजाराची. पहिली बसणारी हौसाक्का.

हौसाक्का म्हणजे आमच्या भावकीतल्या केशवनानांची बायको. पोरबाळ नव्हतं. कपाळाला आडवं कुंकू, कमरेला पानाची चंची, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं एकदा तरी हसलंच पाहिजे. मात्र कुणाचं काही फुकट घेतलं तर तिला अन्न गोड लागायचं नाही. वाटीभर साखर उसनी नेली तर परत आणताना वाटीवर शीग लावून आणायची. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं सुई टोचली तर दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर पिशवीभर काकड्या ठेवून यायची. नर्सबाई कितीही नको नको म्हणाली तरी अक्का तिथून हलायची नाही.

घाट उतरून बाजारात पोचल्यावर अक्कानं चंचीतून घडी घालघालून नखाएवढी केलेली नोट काढली आणि ह्यांच्यापुढं धरली.

“अक्का, भाडं न्हाई घेत मी,” हे म्हणाले.

“तुला कोण देतंय मुडद्या? तू काय देव हायस?” असं म्हणून तिनं नोट गणपतीपुढं ठेवली, हात जोडले आणि खाली उतरली. नोटेला काताचा तांबूस डाग पडलेला होता. चंचीतल्या तिच्या सगळ्या नोटांना तो असायचाच.

तेव्हापासून वाडीत रीतच पडली. जो बसेल तो उतरताना गणपतीपुढं काहीतरी ठेवायचा. कुणी ठेवायचा, कुणी विसरायचा, ह्यांनी कधी मान वळवून बघितलं नाही. पेट्रोल पंप आला की गणपतीला हात लावायचा, पुढ्यात असेल ते उचलायचं, तेवढ्याचं तेल टाकायचं. देणाऱ्याला कमीपणा नाही आणि घेणाऱ्याला लाज नाही. मला निकमचं बोलणं आठवायचं. एकदा मी ह्यांना म्हटलंही. हे म्हणाले, “देवापुढचं पैसं भाडं कसं व्हईल?” मलाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गाडी नाल्यात गेली.

गाडीत हे, हौसाक्का आणि सुलभा. सुलभा माझ्या चुलत दिराची सून. नवरा मुंबईला, पदरात एक लेक, आणि शिवणाच्या मशीनवर अख्ख्या वाडीची झंपरं शिवायची. दिवाळीची शिलाई होती, दोरे आणि अस्तर आणायला निघाली होती. अक्काला पणत्या आणायच्या होत्या. नाना तिला गाडीपर्यंत सोडायला आले होते. मीही तिथंच उभी होते. अक्का बसताना म्हणाली, “आज उतरताना गडबड व्हईल, बाजार मोठा हाय. आधीच ठेवती.” आणि तिनं चंचीतली नोट गणपतीपुढं ठेवली. सुलभानंही ठेवली.

घाटातल्या मधल्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. ह्यांनी गाडी काढली ती कठड्यावरून खालीच गेली. अक्का जागच्या जागी गेली. ह्यांच्या बरगड्या मोडल्या. सुलभाचा पाय मांडीपासून चेचला.

कऱ्हाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता सळई घातली आहे, पण हे निम्मंच काम आहे. वर्षाच्या आत दुसरं ऑपरेशन झालं तर ही पोरगी पायावर चालेल आणि मशीनही मारेल. नाही झालं तर पाय नुसता लोंबणार. ते मोठं ऑपरेशन होतं, आणि तेवढा पैसा आमच्या दोन्ही घरांत मिळून नव्हता. सुलभा उशीवर मान टाकून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर तिनं मला विचारलं, “काकी, गाडीचा विमा हाय न्हवं?”

“आहे,” मी म्हटलं. “फुल आहे.”

हे शेजारच्या खोलीत होते. भिंतीकडं तोंड करून पडलेले. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “अक्का माझ्या हातनं गेली. त्या पोरीचा पाय तरी वाचंल न्हवं?” त्यांच्या जिवात जो काही जीव उरला होता, तो त्या एका गोष्टीत होता.

निकम ह्यांच्या खोलीत आला. त्यानं कंपनीला कळवलं होतं. दार लोटून घेऊन तो म्हणाला, “कंपनीचा माणूस चौकशीला येईल. गाडीचे फोटो त्याच्याकडे गेलेत. गणपतीपुढं नोटा दिसतायत.” मग थोडं थांबून म्हणाला, “माणसं फुकट बसली होती ना?”

मी ह्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“मी काही सांगत नाही,” निकम म्हणाला. “मी सांगायचंही नसतं. वहिनी घरच्या, त्यांचं म्हणणं ते धरणार नाहीत. नानांना विचारणार. गाडी सुटताना तिथं नाना होते.”

तेव्हा हे भिंतीकडचं तोंड वळवून म्हणाले, “माझ्यापायी कुणी खोटं बोलायचं न्हाई. नानाला काय सांगायला जाऊ नगा. त्यांची बायकू गेलीया, आन आता खोटं बोलायला लावताय?” एवढं बोलून त्यांना धाप लागली.

मीही नानांना काही सांगायला गेले नव्हते. अक्काचा दहावा झाल्यावर मी भाकरी घेऊन त्यांच्याकडं गेले, आणि त्यांनीच विषय काढला. उंबऱ्यात बसले होते. दाढी वाढलेली. ह्यांच्यावर त्यांचा राग नव्हता. म्हशी आडव्या आल्या, त्याला हणमंता काय करंल, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. ते ऐकून मला जास्तच भरून यायचं.

“वैजंता, तू शिकल्याली हायस. इमा म्हंजी काय असतं, मला नीट सांग.”

मी सांगितलं. आपण सगळे थोडे थोडे पैसे भरतो, ज्याच्यावर वेळ येते त्याला त्यातून मिळतं. पण कशासाठी भरतोय ते आधी खरं सांगावं लागतं. घरच्या गाडीचं वेगळं, भाड्याच्या गाडीचं वेगळं. आपण घरची म्हणून भरलेत.

“म्हंजी आपल्या गाडीत बसताना पैसं दिलं असतील, तर?”

“तर कंपनी म्हणणार, ही भाड्याची गाडी. आम्ही देत नाही.”

“सुलभीला पण न्हाई?”

“नाही.”

“तिनं दिलं न्हाईत म्हटलं, आन हौसानं दिलं म्हटलं, तर?”

“तरी नाही, नाना. एकीनं दिले तरी गाडी भाड्याचीच.”

नानांनी अंगणातल्या तुळशीकडं बघितलं. तिला पाणी घालायचं काम अक्काचं होतं. माती कोरडी पडली होती.

“आन पैसं दिलं न्हाईत, तर फुकट बसली म्हनायचं?”

“हं.”

“दुसरा काय शबूद न्हाई?”

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, “नाही, नाना. कंपनी तेच विचारते.”

ते उठले आणि घरात गेले. भाकरीचं फडकं तसंच उंबऱ्यावर राहिलं. मी वाट बघून निघून आले.

कंपनीचे साहेब आले ते सोमवारी. शिराळकर नावाचे उतारवयाचे गृहस्थ होते, बोलायला मऊ. घाट चढून येताना गाडीत मळमळलं म्हणून त्यांनी आधी लिंबू मागितलं. आमच्याच ओसरीवर बसले. सुलभाला ते दवाखान्यात भेटून आले होते. तिनं “मला काय आठवत न्हाई” एवढंच सांगितलं होतं. नाना डोक्याला धुतलेला पटका बांधून आले. मी चहा घेऊन दाराशी उभी राहिले.

“फार वाईट झालं आजोबा,” साहेब म्हणाले. “तुम्हाला त्रास देणं जिवावर येतं. दोनच गोष्टी विचारतो. गाडी सुटताना तुम्ही तिथं होतात?”

“व्हतो.”

साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवला. फुटलेली काच, आणि तिच्या चुऱ्यात गणपती. त्याच्या पायाशी अडकलेल्या दोन नोटा. “हे पैसे कसले?”

“द्येवाचं.”

“देवाला तर आपण सगळेच ठेवतो,” साहेब म्हणाले. “पण मी इतक्या गाड्या बघितल्या, गणपतीपुढं फूल असतं, फार तर सुटं नाणं. इथं रोज नोटा असायच्या, असं खालच्या पेट्रोल पंपावरचा मुलगा सांगतो. म्हणून सरळ विचारतो. तुमच्या मंडळींनी त्या दिवशी गाडीत बसायचे पैसे दिले होते का?”

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

नानांनी पटका काढला आणि मांडीवर ठेवला. उघड्या डोक्याचे नाना मी पहिल्यांदाच बघत होते. साहेबांनी घाई केली नाही.

“न्हाई,” नाना म्हणाले.

“म्हणजे त्या फुकट बसल्या होत्या?”

“साहेब, पैसं दिलं न्हाईत, येवढंच लिव्हा की.”

“आजोबा, मला तसं स्पष्ट लिहावं लागतं. फुकट बसल्या होत्या, असं लिहू?”

नानांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही. “लिव्हा,” ते म्हणाले. “फुकट बसली व्हती माझी बायकू. कायम फुकटच बसायची.”

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं असावं. नसेलही. त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि नानांनी अंगठा उठवला. बोटाला लागलेली शाई पुसायला मी कापूस दिला, तर नानांनी तो घेतला नाही.

संध्याकाळी मी दवाखान्यात जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. “म्या नगं म्हनलं व्हतं,” एवढंच म्हणाले. सुलभाला सांगितलं तेव्हा ती रडली, पण तिच्या तोंडावर रंग आला. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची शिसारीही येत होती, दोन्ही एकदमच.

पंचनामा झाल्यावर पोलिसांनी गाडीतलं सामान परत दिलं. फडकं, पान्हे, सोंडेचा टवका उडालेला गणपती आणि त्याच्यापुढच्या दोन नोटा. मी सगळं एका डब्यात घालून देवळीत ठेवलं. त्याच आठवड्यात नाना आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“वैजंता, गाडीतल्या गनपतीपुढचं पैसं तुझ्याकडं हायती?”

“आहेत.”

“त्यातलं हौसाचं मला दे.”

मी डबा काढला. शोधायची गरज नव्हती. एक नोट कोरी होती. दुसरी नखाएवढी घडी घातलेली, कडेला काताचा डाग. मी ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी घडी उलगडली नाही. नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिले.

“नाना, हे कशाला पाहिजे?”

“म्या लिहून दिलंय न्हवं, ती फुकट बसली म्हनून? मग तिचं पैसं गाडीत कसं ऱ्हातील? ते माघारी घेतलं म्हंजी माझं बोलनं खरं झालं.” ते थांबले. “साहेबाला खोटं सांगितलं त्येचं मला काय न्हाई. पर अंगठा उठीवलाय. मेल्याली बायकू आन खोटा अंगठा, दोन्ही घिऊन मला झोप येत न्हाई.”



“तुला ठावं न्हाई,” ते म्हणाले. “हौसा मामाच्या घरी वाढली. आईबा न्हाई. मामी ताटात भाकरी टाकताना म्हनायची, गिळ फुकटचं. रोज. लगीन होऊन माझ्याकडं आली तवा पयल्या रातीला मला काय म्हनली ठावं हाय? म्हनली, मला काय बी बोला, मारा, पर फुकट खाती असं कवा म्हनू नगा. म्या आख्खा जलम म्हनलो न्हाई. भांडनात सुदीक न्हाई.” नोट मुठीत आवळून ते म्हणाले, “आन आता मेल्यावर सरकारी कागदावर लिहून दिलं.”

मी त्यांच्या पाया पडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले, त्याच शाईच्या बोटाचा हात.

चौकशीचा शेरा आमच्या बाजूनं गेला. पुढं लोकअदालतीत तडजोड झाली आणि सुलभाचं दुसरं ऑपरेशन वेळेत झालं. आज ती थोडी लंगडते, पण मशीन चालवते. तिची लेक आता नर्सिंगला आहे. नानांनाही अक्काच्या भरपाईचे पैसे मिळाले असते. निकम कागद घेऊन दोनदा घाट चढून आला, पण नानांनी दावा लावलाच नाही. हे बरे झाले, पण पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. गाडी भंगारात गेली आणि गणपती घरातल्या देव्हाऱ्यात आला. त्याच्यापुढं मी आजही फक्त फूल ठेवते, पैसे ठेवत नाही.

नाना त्यानंतर बरीच वर्षं जगले. वाडीत पुढं दोन-तीन गाड्या आल्या, रस्ता डांबरी झाला, पण नाना बाजाराला चालतच जायचे. घाट उतरायचे आणि चढायचे, पटका बांधून, काठी टेकत. एकदा सुलभाचा नवरा आपली नवी गाडी घेऊन येत होता, मी मागं बसले होते. त्यानं नानांजवळ गाडी थांबवली आणि दार उघडून म्हणाला, “नाना, बसा की. एवढ्या उन्हात कशाला?”

नानांनी वाकून आत बघितलं. मी दिसले, तसे ओळखीचं हसले.

“तू जा बाबा,” ते म्हणाले. “आमच्या घरातलं एक मानूस फुकट बसलंय, तेवढं बास झालं.”